व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची डिव्हाइसेस कंट्रोल हबवर जोडणे आणि सांभाळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्कोची रूम, डेस्क आणि बोर्ड मालिकेतली डिव्हाइसेस वेबेक्स कंट्रोल हबवर आणून ती वर्षानुवर्षे चालवायची ज्यांची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. मग ते महाविद्यालयाचे संगणक विभाग असोत, सहकारी बँकांची मुख्यालये असोत, की कारखान्याचे आयटीवाले. मेनूंची नावे अधूनमधून बदलतात, त्यामुळे एखादे बटण इथे लिहिलेल्या जागी नसेल तर शेजारी शोधा. कामाचा क्रम मात्र तोच राहतो.

कंट्रोल हब म्हणजे नेमके काय? त्यासाठी वेगळा सर्व्हर लागतो का?

लागत नाही. कंट्रोल हब म्हणजे वेबेक्स या सिस्कोच्या ऑनलाइन मीटिंग सेवेची डिव्हाइसेस आणि खाती सांभाळायचे क्लाउडवरचे पान, ते ब्राउझरमध्ये उघडते. पत्ता आहे ॲडमिन डॉट वेबेक्स डॉट कॉम. डिव्हाइस कुठल्याही गावात असो, इंटरनेट असेल तर ते स्वतःहून क्लाउडशी जोडले जाते आणि तुम्हाला यादीत दिसते. पूर्वी हेच काम टीएमएस नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे. त्याला विंडोज सर्व्हर लागायचा, एसक्यूएलचा डेटाबेस लागायचा, आणि डिव्हाइसपर्यंत तुमच्याच नेटवर्कने पोहोचावे लागायचे. टीएमएस मूळचे टँडबर्ग या नॉर्वेजियन कंपनीचे. ही कंपनी सिस्कोने २०१० मध्ये घेतली. आजच्या डिव्हाइसमध्ये वेळ घेण्याच्या सर्व्हरची मूळ यादी उघडून पाहिली तर त्यात टँडबर्गचे नाव अजून सापडते.

‘वर्कस्पेस’ आणि ‘डिव्हाइस’ हे दोन वेगळे का? आम्हाला तर एकच वाटते.

हा फरक पहिल्या दिवशी समजून घ्या, पुढचा निम्मा त्रास वाचेल. वर्कस्पेस म्हणजे खोली. डिव्हाइस म्हणजे त्या खोलीत भिंतीवर लावलेली वस्तू. खोलीला नाव असते, पत्ता असतो, किती माणसे बसतात हा आकडा असतो, कॅलेंडर असते, कॉल करायचा पत्ता असतो. हे सगळे वर्कस्पेसला चिकटलेले असते. डिव्हाइसला फक्त सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची त्याची कायमची ओळख) आणि त्याच्यावरच्या सेटिंग्ज असतात.

डिव्हाइस बिघडते, बदलते, दुसऱ्या मजल्यावर जाते. खोली तिथेच राहते. म्हणून ‘रूम बार १’, ‘रूम बार २’ अशी वर्कस्पेसची नावे ठेवू नका. वर्षभराने रूम बार १ च्या जागी बोर्ड आला की नाव खोटे ठरते आणि कॅलेंडरमध्ये लोक शोधत बसतात. नाव खोलीचे द्या : शहर, इमारत, मजला, खोली, याच क्रमाने. उदाहरणार्थ ‘नाशिक-मुख्य-२-बोर्डरूम’. क्रम सगळीकडे सारखा असला की यादी आपोआप शहरावार लागते.

खोलीतले डिव्हाइस एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर जोडले तर चालेल का?

चालू होईल, पण असे करू नका. वैयक्तिक वापराचे डिव्हाइस त्या माणसाच्या खात्याला बांधलेले असते. टेबलावरचे डेस्क प्रो असे जोडायला हरकत नाही, ते त्याच्यासाठीच असते. सभागृहातले डिव्हाइस मात्र एखाद्या व्यवस्थापकाच्या नावावर असेल, तर त्याच्या मीटिंगा सगळ्यांना पडद्यावर दिसतात, आणि तो नोकरी सोडून गेला व खाते बंद झाले की सभागृहही बंद पडते. खोलीसाठी नेहमी शेअर्ड वापराचे वर्कस्पेस करा.

जोडण्याआधी काय तयारी ठेवावी?

तुमच्या खात्याला फुल ॲडमिन किंवा डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार हवा. शेअर्ड डिव्हाइसचे एक लायसन्स शिल्लक हवे. खोलीत नेटवर्कचा चालू पॉइंट हवा आणि त्या पॉइंटवरून इंटरनेट मिळते हे लॅपटॉप लावून आधी तपासलेले हवे. खोलीच्या मेलबॉक्सचे काम मेलवाल्या माणसाकडे आदल्या दिवशी सोपवा, कारण बहुतेक वेळा तेच मागे राहते. डिव्हाइसच्या मागच्या स्टिकरचा फोटो भिंतीवर चढवण्याआधी काढून ठेवा. सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस त्याच स्टिकरवर असतात, आणि एकदा ब्रॅकेट आवळले की ते वाचायला शिडी लावावी लागते.

प्रत्यक्ष जोडण्याची पद्धत सांगा.

कंट्रोल हबमध्ये डाव्या बाजूच्या डिव्हाइसेस पानावर जा आणि ॲड डिव्हाइस दाबा. शेअर्ड वापर निवडा. खोली आधीच केलेली असेल तर ती शोधा, नसेल तर नवीन वर्कस्पेसचे नाव लिहा. रूम आणि डेस्क डिव्हाइस हा प्रकार निवडा. पुढे कॉलिंगची आणि कॅलेंडरची सेवा विचारली जाते. कॅलेंडरचे ठरले नसेल तर सोडून द्या, नंतर जोडता येते. शेवटी १६ आकडी ॲक्टिव्हेशन कोड मिळतो. तो चार-चारच्या गटांत दिसतो.

आता खोलीत. आधी टीव्ही, नेटवर्क केबल आणि टच पॅनेल जोडा, मगच वीज द्या. डिव्हाइस भाषा विचारते, नेटवर्क तपासते आणि कोणती सेवा हवी ते विचारते. वेबेक्स निवडून कोड टाका. बरोबर असेल तर वर्कस्पेसचे नाव पडद्यावर येते. यानंतर नव्या डिव्हाइसला बहुधा नवे सॉफ्टवेअर उतरवायचे असते आणि ते स्वतःहून रीस्टार्ट होते. या वेळी पडदा काळा दिसला म्हणून प्लग काढू नका. एका खोलीसाठी हे सगळे धरून एक तास राखून ठेवा आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळी हे काम काढू नका.

कोड टाकला तर ‘चुकीचा कोड’ येते.

कोड मूळ मुदतीप्रमाणे ७ दिवस चालतो. माल यायला उशीर झाला आणि कोड आधीच काढून ठेवला असेल तर तो संपलेला असतो. त्याच वर्कस्पेसमध्ये जाऊन नवा कोड काढा, नवीन वर्कस्पेस करू नका. नाहीतर एकाच खोलीच्या दोन नोंदी होतात आणि कॅलेंडर भलत्याच नोंदीला लागते.

दुसरे कारण एक्सेल. कोड गोळा करून एक्सेलमध्ये ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. आपला कोड १६ अंकी. मधल्या रेघा काढून नुसते आकडे चिकटवले की एक्सेल त्याला संख्या समजते आणि शेवटचा अंक गुपचूप शून्य करून टाकते. पंचवीस कोडांपैकी दोन-तीन चालतात, ज्यांचा शेवटचा अंक मुळातच शून्य होता. बाकीचे ‘चुकीचे’ ठरतात आणि दोष डिव्हाइसला दिला जातो. कोडाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मग चिकटवा, किंवा रेघांसकट ठेवा.

एकदम तीस-चाळीस खोल्या जोडायच्या आहेत. एकेक करत बसायचे का?

नाही. ॲड डिव्हाइसमध्येच अनेक डिव्हाइसेसचा पर्याय आहे. तिथून सीएसव्हीचा नमुना उतरवून घ्या, भरा, परत चढवा. सगळ्या खोल्यांचे कोड एकत्र मिळतात. फाइल जतन करताना यूटीएफ-८ प्रकारची सीएसव्ही निवडा, नाहीतर देवनागरीतल्या नावांची प्रश्नचिन्हे होतात. तरीही खोलीचे नाव रोमन अक्षरांत ठेवावे असा आमचा आग्रह आहे. कारण इतकेच, की मेलबॉक्सचा पत्ता रोमनमध्येच असतो आणि दोन्ही सारखे असले की शोधणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

पहिल्या फेरीत तीनच खोल्या जोडा आणि आठवडाभर वापरू द्या. नावाचा क्रम, टाइम झोन, कॅलेंडर यांत जी चूक असेल ती तीन ठिकाणी सुधारणे सोपे. चाळीस ठिकाणी फोन करून सुधारणे सोपे नाही.

फायरवॉलवर काय उघडायचे?

बाहेरून आत येणारे काहीही उघडायचे नाही. सगळ्या जोडण्या डिव्हाइस स्वतः आतून बाहेर करते. म्हणून स्थिर पब्लिक आयपीची गरज नाही, आणि इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवत असली तरी अडत नाही.

आतून बाहेर हे पोर्ट लागतात (टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती, पुढचा आकडा पोर्टचा) : नोंदणी आणि नियंत्रणासाठी टीसीपी ४४३. आवाज आणि चित्रासाठी यूडीपी ५००४ आणि ९०००. नाव शोधण्यासाठी डीएनएसचे ५३ आणि वेळेसाठी एनटीपीचे यूडीपी १२३. यूडीपी बंद असेल तर डिव्हाइस टीसीपी ५००४ किंवा ४४३ वरून चित्र पाठवून पाहते. कॉल लागतो, म्हणून फायरवॉलवाले सांगतात की सगळे ठीक आहे. पण टीसीपीमध्ये हरवलेले पॅकेट परत मागवले जाते आणि मागचे सगळे त्याच्यासाठी थांबते. जरा गर्दी झाली की आवाज तुटतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ‘कॉल लागतो पण दर्जा वाईट’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी यूडीपी ५००४ तपासा.

डिव्हाइसला आयपी मिळतो, पण नोंदणीच होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण कारणे पाच आहेत आणि पडद्यावर सगळ्यांची सूचना जवळजवळ सारखीच दिसते.

पहिले पाहायचे ते व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर केलेले नेटवर्कचे वेगळे भाग. आमच्या मते सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. या डिव्हाइसमध्ये व्हॉइस व्हीलॅनची सेटिंग मुळात ‘ऑटो’ असते. सिस्कोच्या स्विचवर त्या पोर्टला फोनसाठी व्हॉइस व्हीलॅन दिलेला असेल, तर डिव्हाइस सीडीपी या सिस्कोच्या स्विचच्या संदेशावरून ते ऐकते आणि स्वतःला फोनच्या व्हीलॅनमध्ये नेऊन बसवते. फोनच्या व्हीलॅनला बहुतेक कार्यालयांत इंटरनेट नसते. त्याच पॉइंटला लॅपटॉप लावला की तो डेटा व्हीलॅनमध्ये जातो आणि सगळे उत्तम चालते. म्हणून लॅपटॉपची चाचणी इथे फसवते. डिव्हाइसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याला मिळालेला आयपी पाहा. तो लॅपटॉपच्या मालिकेतला नसेल तर कारण सापडले. स्विचच्या त्या पोर्टवरचा व्हॉइस व्हीलॅन काढा, किंवा डिव्हाइसवर व्हॉइस व्हीलॅन बंद करा.

दुसरे, वेळ. डिव्हाइस क्लाउडचे प्रमाणपत्र तपासते आणि प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. एनटीपी अडवलेले असेल आणि डिव्हाइस जुन्याच तारखेत असेल, तर त्याच्या लेखी प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. बाहेरचे एनटीपी उघडायचे नसेल तर स्वतःचा एनटीपी सर्व्हर डीएचसीपीवरून (आयपी आपोआप देणारी सेवा) द्या.

तिसरे, टीएलएस म्हणजे एन्क्रिप्शनची तपासणी. फायरवॉल एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून पाहते आणि पुढे स्वतःचे प्रमाणपत्र लावते. लॅपटॉपमध्ये ते प्रमाणपत्र आयटीने आधीच बसवलेले असते, डिव्हाइसमध्ये नसते. ते ओळखत नाही आणि जोडणी तोडते. यावर उपाय सूट देण्याचा. वेबेक्स डॉट कॉम, डब्ल्यूबीएक्स२ डॉट कॉम, सिस्कोस्पार्क डॉट कॉम आणि वेबेक्सकंटेंट डॉट कॉम या नावांखालची सगळी वाहतूक तपासणीतून वगळा. आयपीच्या यादीने सूट देऊ नका, नावाने द्या. क्लाउडचे आयपी बदलत असतात.

चौथे, लॉगिनचे पान. महाविद्यालये आणि वसतिगृहांमध्ये ब्राउझर उघडला की आधी नाव-पासवर्ड विचारणारे पान येते आणि मगच इंटरनेट सुरू होते. डिव्हाइसला ते पान भरता येत नाही. मॅक ॲड्रेस फायरवॉलला देऊन त्याला या लॉगिनमधून कायमची मुभा मिळवा. तात्पुरते कुणाचे तरी लॉगिन देऊन ठेवले की मध्यरात्री सत्र संपते आणि सकाळी खोली ऑफलाइन असते.

पाचवे, प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची वाहतूक मधून नेणारा सर्व्हर. डिव्हाइसला विनापासवर्ड प्रॉक्सी चालतो. पासवर्ड असेल तर बेसिक किंवा डायजेस्ट पद्धतीचा चालतो, एनटीएलएमचा नाही.

याच क्रमाने तपासा. प्रत्येक पायरीला दोन-चार मिनिटे लागतात.

वायफायवर जोडले तर?

ज्या मॉडेलमध्ये वायफाय आहे तिथे जमते. खोलीतले पक्के डिव्हाइस मात्र केबलवरच ठेवा. केबल लावली की वायफाय बाजूला पडते, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

टच पॅनेल सापडत नाही असे येते.

पॅनेलला पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणारी वीज लागते. स्विच साधा असेल, पीओई नसेल, तर पॅनेल पेटणारच नाही. स्विच पीओईचा असूनही पेटत नसेल तर त्याचे एकूण वॅट संपलेत का पाहा. ८०२.३एएफ प्रकारात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत राखून ठेवतो आणि कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट लावून झाले की शेवटच्या पोर्टांना काही उरत नाही. पॅनेल पेटले पण मुख्य डिव्हाइस दिसत नसेल, तर दोघे वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या आयपी-मालिकेत) आहेत. मुख्य डिव्हाइसचा आयपी हाताने टाका, किंवा मॉडेलवर पॅनेलसाठी स्वतंत्र पोर्ट असेल तर सरळ त्यातच लावा. दुसरा मार्ग चांगला, कारण स्विच बदलला तरी पॅनेल चालत राहते.

पडद्यावरची मीटिंगची वेळ साडेपाच तासांनी चुकते.

टाइम झोन मूळच्या यूटीसीवर राहिला आहे. ‘एशिया/कोलकाता’ निवडा. एकेका डिव्हाइसवर करू नका, कंट्रोल हबच्या कॉन्फिगरेशन टेम्प्लेटमध्ये (अनेक डिव्हाइसना एकदम लागणारा सेटिंग्जचा संच) घाला. दुबई किंवा सिंगापूरमधली शाखा असेल तर तिच्यासाठी वेगळे टेम्प्लेट करा.

खोली मीटिंगला बोलावली जाते, पण ‘जॉइन’ बटण येत नाही.

बटण मीटिंगच्या ५ मिनिटे आधी येते, तेव्हा आधी घड्याळ पाहा. त्यानंतर मेलबॉक्स. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेल सर्व्हरमध्ये खोलीचा मेलबॉक्स मुळातच असा बनतो, की आमंत्रण स्वीकारताना तो मजकूर पुसून टाकतो आणि विषयाच्या जागी बोलावणाऱ्याचे नाव लिहितो. जोडणीची लिंक मजकुरातच असते. ती पुसली गेली की डिव्हाइसला मीटिंगची वेळ दिसते, पण जायचे कुठे ते कळत नाही. वेबेक्सच्या मीटिंगा कधी कधी तरी चालतात, कारण त्यांची माहिती दुसऱ्या वाटेनेही येते. टीम्स आणि झूमच्या मात्र हमखास अडतात.

मेलच्या ॲडमिनला कॅलेंडर प्रोसेसिंगच्या तीन सेटिंग्ज सांगा. ‘डिलीट कमेंट्स’ बंद, ‘डिलीट सब्जेक्ट’ बंद, ‘ॲड ऑर्गनायझर टू सब्जेक्ट’ बंद. बाहेरच्या संस्थेने खोलीला थेट आमंत्रण पाठवायचे असेल तर ‘प्रोसेस एक्स्टर्नल मीटिंग मेसेजेस’ चालू करावे लागते. ते मूळचे बंद असते. बदल केल्यावर जुनी आमंत्रणे सुधारत नाहीत, कारण पुसलेला मजकूर परत येत नाही. चाचणी नव्या आमंत्रणानेच करा.

आणखी एक. काही जण खोलीला ‘स्थळ’ या रकान्यात नुसते लिहितात, निमंत्रितांत घालत नाहीत. मग खोलीच्या मेलबॉक्सला आमंत्रण पोहोचतच नाही. हे तंत्राने सुटत नाही, लोकांना दाखवून द्यावे लागते.

लाइन लहान आहे. बँडविड्थ किती लागेल?

एका कॉलची कमाल मर्यादा मुळात ६००० केबीपीएस असते, जायला तेवढी आणि यायला तेवढी. तालुक्याच्या शाखेत १० एमबीपीएसची लाइन आणि दोन खोल्या असतील, तर दोन्ही कॉल एकत्र झाले की १२ एमबीपीएस मागितले जातात. डिव्हाइस जुळवून घेते, पण त्या लाइनवर बँकेचे किंवा कार्यालयाचे दुसरे कामही चाललेले असते. टेम्प्लेटमधून कमाल ट्रान्समिट आणि रिसीव्ह २००० वर आणा. ७२० रेषांचे चित्र त्यात नीट बसते आणि खोलीत मागे बसलेल्याला फरक जाणवत नाही. लाइन मोजताना अपलोडचा आकडा पाहा. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

स्वतःचे नेटवर्क मोठे असेल तर पॅकेटांना प्राधान्य द्या : आवाजाला डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६, चित्राला ३४. इंटरनेटवर गेल्यावर कुणी ते पाळत नाही, पण इमारतीतल्या आणि शाखांमधल्या लीज लाइनवर उपयोग होतो.

दोन कंपन्यांचे इंटरनेट आहे. मधेच कॉल तुटतो.

फायरवॉल दोन्ही लाइनवर भार वाटत असेल तर नियंत्रण एका लाइनने आणि चित्र दुसऱ्या लाइनने जाऊ शकते. व्हिडिओ डिव्हाइसेसचे आयपी एकाच लाइनला बांधा आणि दुसरी फक्त पहिली पडली तर वापरायची असे ठरवा. लाइन बदलताना काही सेकंद चित्र जाते, ते टाळता येत नाही.

यादीत डिव्हाइस ‘ऑफलाइन’ दिसते, पण खोलीतले लोक म्हणतात चालू आहे.

पडदा पेटलेला असणे म्हणजे क्लाउडशी जोडलेले असणे नव्हे. त्यांना एक चाचणी कॉल लावायला सांगा. लागला नाही तर नेटवर्क पाहा.

आपल्याकडे याचे नेहमीचे कारण वीज. वीज परत आली की डिव्हाइस, स्विच आणि राउटर वेगवेगळ्या वेळी उठतात. डिव्हाइस पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि जोडले जाते, पण स्विच अडकला असेल तर बिचारे वाट पाहत बसते. यूपीएसवर फक्त टीव्ही आणि डिव्हाइस लावून उपयोग नाही. मजल्यावरचा स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर हवेत.

कंट्रोल हबच्या अलर्ट सेंटरमध्ये डिव्हाइस ऑफलाइन गेल्याचा नियम करा आणि सूचना ईमेलवर किंवा वेबेक्सच्या गटात पाठवा. सूचना एका माणसाला पाठवू नका. तो रजेवर गेला की कुणालाच कळत नाही. अलर्ट फार येऊ लागले तर लोक ते वाचणेच सोडतात, म्हणून महत्त्वाच्या खोल्यांना वेगळा टॅग लावा आणि नियम आधी त्यांच्यापुरता ठेवा.

‘ऑनलाइन पण अडचणीसह’ अशी स्थिती असेल तर डिव्हाइसच्या पानावर अडचणींची यादी असते. पॅनेल तुटले, कॅमेरा सापडत नाही, वेळ जुळलेली नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. दर सोमवारी ही यादी पाहायची सवय ठेवली तर बऱ्याच तक्रारी येण्याआधीच मिटतात.

टीव्ही आपोआप चालू-बंद होत नाही.

डिव्हाइस एचडीएमआयवरून सीईसीचा (टीव्ही चालू-बंद करण्याचा) संदेश देते, पण टीव्हीत सीईसी बंद असते. टीव्हीच्या मेनूत त्याला प्रत्येक कंपनीने वेगळे नाव दिले आहे : सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ते चालू करा. हे काम कंट्रोल हबवरून होणार नाही, टीव्हीचा रिमोट हातात घ्यावाच लागेल. सेट-टॉप बॉक्स त्याच टीव्हीला असेल तर तो सीईसीवर स्वतःकडे इनपुट ओढून घेतो. तो काढून टाका.

सॉफ्टवेअर अपडेट कोण करते? नको असेल तर थांबवता येते का?

क्लाउडवरच्या डिव्हाइसला अपडेट आपोआप मिळते. कायमचे थांबवता येत नाही, वेग ठरवता येतो. त्यासाठी स्टेबल, प्रिव्ह्यू असे चॅनेल आहेत. सर्व खोल्या स्टेबलवर ठेवा. आयटीच्या स्वतःच्या खोलीतले एक डिव्हाइस प्रिव्ह्यूवर ठेवा, म्हणजे पुढे काय येणार आहे ते तुम्हाला सर्वांआधी दिसेल. हा एका डिव्हाइसचा खर्च नक्की करा. विशेषतः तुम्ही मॅक्रो (डिव्हाइसवर चालणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिले असतील तर, कारण अपडेटनंतर बिघडते ते बहुधा मॅक्रोच. अपडेट रात्री होते, म्हणून खोलीची वीज रात्री मेन स्विचवरून बंद करण्याची शिपायांची पद्धत असेल तर त्या डिव्हाइसला अपडेट मिळतच नाही. शिपायांना तसे सांगा आणि स्विचवर चिठ्ठी चिकटवा.

एसएक्स आणि एमएक्स मालिकेतल्या जुन्या डिव्हाइसना रूमओएस ११ ही सिस्कोची डिव्हाइस-प्रणाली चालत नाही. ती चालू असतील तोवर चालवा, पण नव्या खोलीचे नियोजन त्यांच्यावर करू नका.

एकच सेटिंग सगळ्या खोल्यांना कशी द्यायची?

टेम्प्लेट करा. टाइम झोन, कमाल कॉल रेट, आवाजाची पातळी, सेटिंग मेनूला कुलूप आणि स्टँडबाय एवढे पाच विषय पहिल्या टेम्प्लेटला पुरे. सेटिंग मेनूला कुलूप जरूर लावा. उघडा मेनू असला की कुणीतरी कुतूहलाने नेटवर्कचा आयपी स्थिर करून ठेवतो. टेम्प्लेट लावल्यावर दोन डिव्हाइसेस उघडून प्रत्यक्ष मूल्य तपासा. एखादे मॉडेल एखादी सेटिंग ओळखतच नसेल तर ती तिथे लागत नाही.

डिव्हाइसचे स्थानिक वेब पान उघडत नाही.

कंट्रोल हबमधून लोकल डिव्हाइस कंट्रोल्स दाबले तरी तुमचा ब्राउझर डिव्हाइसच्या आतल्या आयपीकडेच जातो. तुम्ही घरी असाल आणि व्हीपीएन नसेल तर ते उघडणार नाही. प्रमाणपत्राचा इशारा येतो तो डिव्हाइसच्या स्वतःच्या प्रमाणपत्रामुळे. नव्या किंवा रीसेट केलेल्या, नोंदणी न झालेल्या डिव्हाइसवर ‘ॲडमिन’ हे खाते पासवर्डविना असते. असे डिव्हाइस गोदामातून काढून नेटवर्कला लावून ठेवू नका.

डिव्हाइस बिघडले, कंपनीने बदलून दिले. आता काय?

जुने डिव्हाइस त्या वर्कस्पेसमधून काढा, वर्कस्पेस काढू नका. त्याच वर्कस्पेसमध्ये नवा कोड काढून नवे डिव्हाइस जोडा. खोलीचे नाव, कॅलेंडर आणि कॉलचा पत्ता तसाच राहतो. सेटिंग्ज मात्र डिव्हाइसबरोबर गेल्या. टेम्प्लेट असेल तर ते लावा. मॅक्रो, वॉलपेपर आणि पॅनेलवरची स्वतः केलेली बटणे यांची बॅकअप फाइल स्थानिक वेब पानावरच्या बॅकअप आणि रिकव्हरीतून काढता येते. पण ती डिव्हाइस जिवंत असतानाच काढता येते. महत्त्वाच्या खोल्यांची आजच काढून ठेवा.

डिव्हाइस विकायचे किंवा दुसऱ्या संस्थेला द्यायचे आहे.

आधी कंट्रोल हबमधून काढा, मग डिव्हाइसवर फॅक्टरी रीसेट करा. दोन्ही करा. रीसेटने कॉलची यादी, पासवर्ड, प्रमाणपत्रे आणि सेटिंग्ज जातात आणि ते उलटवता येत नाही. फक्त रीसेट केले आणि हबवर नोंद तशीच ठेवली, तर तुमच्या यादीत एक कायमचे ऑफलाइन भूत राहते आणि लायसन्स अडकते.

आमची डिव्हाइसेस कॉल मॅनेजरवर (सिस्कोचा संस्थेच्या आत चालणारा कॉलचा सर्व्हर) आहेत. सगळे क्लाउडवर न्यावे लागेल का?

नाही. वेबेक्स एज फॉर डिव्हाइसेस या सोयीने कॉल तुमच्याच कॉल मॅनेजरमार्फत चालतात आणि डिव्हाइसची स्थिती, लॉग व सेटिंग्ज कंट्रोल हबवर दिसतात. त्यासाठी डिव्हाइस कनेक्टर नावाचे छोटे सॉफ्टवेअर तुमच्या नेटवर्कमधल्या संगणकावर चालवावे लागते. डिव्हाइसला बाहेर टीसीपी ४४३ ची वाट हवी, एवढी अट.

याच डिव्हाइसवर टीम्स रूम चालवायचे असेल तर?

२०२३ पासून सिस्कोची काही डिव्हाइसेस मायक्रोसॉफ्टचे टीम्स रूम मूळ स्वरूपात चालवतात. मग व्यवस्थापन दोन ठिकाणी विभागले जाते. खाते आणि टीम्सची बाजू टीम्स ॲडमिन सेंटरमध्ये, तर डिव्हाइसची बाजू कंट्रोल हबमध्ये. टीम्सच्या रिसोर्स खात्याचा (खोलीच्या खात्याचा) पासवर्ड मुदतीने संपणार नाही अशी सेटिंग करायला विसरू नका. ती राहिली तर ज्या खोल्यांची खाती एकाच दिवशी बनवली, त्या सगळ्या एकाच सकाळी लॉगआउट होतात.

ॲडमिनचे अधिकार किती जणांना द्यावेत?

फुल ॲडमिन दोघांना, एक नसला तर दुसरा. खोल्या सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना डिव्हाइस ॲडमिन. हेल्पडेस्कला फक्त पाहण्याचा अधिकार. खोल्या बसवून देणाऱ्या कंत्राटदाराला काम चालू असेपर्यंत डिव्हाइस ॲडमिन द्या आणि काम सुपूर्द होताना ज्या कागदावर सह्या होतात, त्याच कागदावर ‘अधिकार काढला’ अशी ओळ ठेवा.